'वॉर बेबीज' हा अल्बम कसा ऐकावा: सांगली-मिरजेच्या श्रोत्यासाठी

डॅरिल हॉल आणि जॉन ओट्स ही जोडी बहुतेकांना ठाऊक असते ती 1977 ते 1984 या काळातल्या त्यांच्या सहा गाण्यांमुळे. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ही सहाही गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. 'रिच गर्ल', 'किस ऑन माय लिस्ट', 'मॅनईटर' ही त्यांतलीच. कृष्णवर्णीयांची सोल गायकी आपलीशी करून गाणाऱ्या गोऱ्या गायकांच्या प्रकाराला 'ब्लू-आइड सोल' म्हणतात आणि त्या प्रकारातली ही सर्वांत यशस्वी जोडी मानली जाते. याच जोडीने 1974 मध्ये 'वॉर बेबीज' नावाचा अल्बम काढला. वरची गाणी आवडली म्हणून जो तो ऐकायला घेतो, त्याची पहिल्या दहा मिनिटांतच पंचाईत होते. गिटार अंगावर येते, सिंथेसायझर मध्येच वळसे घेतो, चाल बसली असे वाटते तोच ती मोडली जाते, आणि हे सगळे त्याच दोघांचे आहे यावर विश्वास बसत नाही.

हा अल्बम फसलेला आहे असे म्हणून बाजूला ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि तो कसा ऐकावा हे कोणी सांगितले नाही तर ते साहजिकही आहे. माझे म्हणणे असे की वाद्यांच्या गर्दीत शिरून तिथे गाणे शोधत बसण्याऐवजी गळ्याचे बोट धरून चालावे. बाकी सगळे त्या गळ्याभोवती आपोआप जागेवर बसते. सांगली-मिरजेच्या श्रोत्याला ही सवय वेगळी शिकवावी लागत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेला घर केले, 1937 मध्ये ते गेल्यावर त्यांना मिरजेतच दफन केले गेले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात अजूनही दरवर्षी गाणे होते. खाँसाहेबांच्या किराणा घराण्याची गायकी ऐकत ज्याचे कान तयार झाले आहेत, तो तबला, पेटी, सारंगी यांच्यामधून सुराचा लगाव बरोबर वेगळा काढतो. तोच कान इथे लावायचा आहे.

आधी काय ऐकावे

या अल्बमने सुरुवात करू नये. त्याआधी निदान अर्धा तास 1973 च्या 'अबॅन्डन्ड लंचनेट' या अल्बमला द्यावा, आणि त्यातले 'शी'ज गॉन' हे गाणे दोनदा ऐकावे. पहिल्या कडव्यात दोघे एकच चाल धरतात, ओट्स खालच्या अंगाने आणि हॉल वरच्या. पुढे हॉलचा आवाज सुटा होत जातो, आणि अखेरीस पट्टीच एकेक पायरी वर चढवली जाते, तेव्हा आवाज फाटेल की काय असे वाटत असताना तो फाटत नाही. निर्माता आरिफ मार्डिन यांनी वाद्ये अशी बेताने ठेवली आहेत की गाणाऱ्याला कुठेही धक्का लागत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना हॉलच्या हरकतींकडे लक्ष द्यावे: शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर तो कुठे थांबतो, कुठून वरच्या पातळ आवाजात जातो, आणि मुख्य चालीवर परत येताना किती उशीर करतो. या तीन खुणा लक्षात राहिल्या की पुढचे काम निम्मे झाले.

थोडी पार्श्वभूमीही जवळ असावी. हे दोघे फिलाडेल्फियाचे. 1967 मध्ये तिथल्या ॲडेल्फी बॉलरूममध्ये दोघांचे वेगवेगळे गट गायला आले होते. टोळ्यांमध्ये गोळीबार सुरू झाला, आणि पळ काढताना दोघे एकाच लिफ्टमध्ये सापडले. पुढे दोघे टेंपल विद्यापीठात शिकत असताना मैत्री वाढली. हॉलची आई गाणे शिकवीत असे, आणि तो स्वतः विद्यार्थिदशेतच फिलाडेल्फियाच्या स्टुडिओंमध्ये साथीला गात होता. केनी गॅम्बल आणि लिऑन हफ या जोडीने जे फिलाडेल्फिया सोल जगभर नेले, त्याच्या जडणघडणीच्या काळात हा मुलगा तिथे वावरत होता. म्हणजे सोल गायकी त्याने तबकड्या ऐकून उचललेली नाही. त्याची तालीम शहरातच, त्या गायकांच्या सोबतीने झाली आहे. हे ध्यानात ठेवल्याशिवाय 'वॉर बेबीज'मधले त्याचे गाणे नीट कळत नाही, कारण तिथे तो हीच तालीम एका परक्या घरात घेऊन गेला आहे.

ते परके घर टॉड रंडग्रेनचे. रंडग्रेन फिलाडेल्फियाला लागून असलेल्या अपर डार्बीचा, म्हणजे तसा शेजारचाच. पण 1973 मध्ये 'अ विझर्ड, अ ट्रू स्टार' हा अल्बम काढून त्याने स्वतःच्याच श्रोत्यांना चकवले होते, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क डॉल्ससारख्या आडदांड गटाचा पहिला अल्बमही त्याने निर्माता म्हणून करून दिला होता. हॉल आणि ओट्स तोवर न्यूयॉर्कला राहायला गेले होते, आणि त्या शहराचा कर्कशपणा त्यांना गाण्यात हवा होता. मॅनहॅटनमधल्या 'सीक्रेट साउंड' स्टुडिओत हे काम झाले. मुख्य गिटार रंडग्रेनने स्वतः वाजवली. बास जॉन सीगलरचा आणि ड्रम विली विल्कॉक्सचे, आणि हे दोघेही रंडग्रेनच्या 'यूटोपिया' या गटाशी जोडलेले वादक. तेव्हा साथीला बसलेली मंडळी सोलची नाहीत, लांबलचक प्रयोगशील रॉक वाजवणारी आहेत. गायक एका घराण्याचे आणि साथ दुसऱ्याच परंपरेची, यातूनच हा अल्बम घडला आहे.

तबकडी, सुई आणि वीज

मोबाइलवरच ऐकणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. त्यांनी फक्त गाणी उलटसुलट क्रमाने लावणारी सोय आणि एका गाण्याचे शेपूट दुसऱ्यात मिसळणारी सोय, या दोन्ही बंद कराव्यात, आणि पाचव्या गाण्यानंतर हाताने थांबा घ्यावा, कारण मूळ तबकडीची बाजू तिथे संपते. मध्ये जाहिराती वाजणार असतील तर मात्र तसे ऐकण्यात अर्थ नाही.

ज्यांच्याकडे तबकडी आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी सविस्तर सांगणे आवश्यक आहे. आपल्या भागात घरोघरी नाट्यपदांच्या जुन्या तबकड्या अजून सापडतात, आणि त्यांच्याच शेजारी कोणा पुतण्याने वा भाच्याने आणलेल्या विलायती लाँगप्ले ठेवलेल्या असतात. या दोन्ही साफ करण्याची रीत एक नाही. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांत लाख असते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मिरजेत सतार आणि तंबोऱ्याला लाख-स्पिरिटचे पॉलिश चढवणाऱ्या कारागिराला हे सांगावे लागणार नाही. म्हणून त्या तबकड्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण चुकूनसुद्धा लावू नये. 'वॉर बेबीज'सारखी लाँगप्ले विनाइलची असते. तिच्यासाठी बॅटरीत घालण्यासाठी मिळते ते शुद्ध पाणी आणि स्वच्छ मऊ फडके पुरेसे आहे. नळाचे किंवा बोअरचे पाणी वापरू नये, कारण ते सुकल्यावर त्यातले क्षार खोबणीत बसतात आणि पुढे कायम करकर ऐकू येते. पुसताना हात खोबणीच्या दिशेने गोलाकार फिरवावा, आडवा कधीही नको, आणि मधल्या कागदी लेबलाला पाणी लागू देऊ नये.

2005 आणि 2019 च्या महापुरात कृष्णेचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्यांच्याकडच्या काही तबकड्या अजून तशाच बांधून ठेवलेल्या असतील. विनाइलला पाण्याने काही होत नाही. नुकसान होते ते गाळाने आणि भिजलेल्या वेष्टनाला येणाऱ्या बुरशीने. अशी तबकडी कोरडी असताना घासू नये, कारण गाळातली वाळू खोबणीवर चरे पाडते. आधी पाण्यात धरून गाळ मऊ होऊ द्यावा, मग शुद्ध पाण्याचे दोनतीन हात द्यावेत, सावलीत उभी करून वाळवावी, आणि जुने आतले वेष्टन टाकून देऊन नवे घालावे. तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात. एकावर एक आडव्या रचल्या तर सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत त्या वाकतात, आणि वाकलेली तबकडी सरळ करण्याचे जे घरगुती उपाय सांगितले जातात, त्यांतल्या बहुतेकांनी ती कामातून जाते.

यंत्राबाबत दोन अडचणी संभवतात. पहिली अडचण सुईची. घरातल्या जुन्या एचएमव्ही फिएस्टा किंवा कॅलिप्सो या रेकॉर्ड प्लेअरवर हा अल्बम लावण्याचा मोह होईल, कारण त्या चालू असतात आणि दिसायलाही छान असतात. परंतु त्यांची सिरॅमिक पिक-अप, म्हणजे सुई धरणारे डोके, आधुनिक मॅग्नेटिक कार्ट्रिजच्या मानाने तबकडीवर कितीतरी जास्त भार देते. मॅग्नेटिक कार्ट्रिजला साधारण दीड ते दोन ग्रॅम भार पुरतो. त्यातही 'वॉर बेबीज'चा आवाज दाट आहे, एकावर एक थर चढवलेला आहे, आणि त्यात वरच्या पट्टीचे तीक्ष्ण आवाज पुष्कळ आहेत. झिजलेल्या जड सुईखाली हे सगळे एकत्र होऊन नुसता कल्लोळ उरतो, आणि मग श्रोता रंडग्रेनला बोल लावतो. 78 च्या तबकडीची जाड सुई लाँगप्लेवर टेकवणे तर गुन्हाच आहे.

दुसरी अडचण विजेची, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. अमेरिकेतून आणलेले जुने टर्नटेबल 110 व्होल्टचे असते, म्हणून लोक व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावतात आणि निश्चिंत होतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो; विजेची वारंवारिता बदलत नाही. अमेरिकेत ती 60 हर्ट्‌झ, आपल्याकडे 50. ज्या टर्नटेबलची मोटर वारंवारितेच्या हिशेबाने फिरते, ते आपल्याकडे सहा भागांपैकी पाच भाग वेगानेच फिरते. याचा परिणाम सुरावर काय होतो ते पाहावे: काळी एकमध्ये गायलेले गाणे तीन स्वर उतरून खालच्या काळी पाचवर येते, किंचित त्याच्याही खाली. लय संथ होते, हॉलचा पातळ वरचा आवाज जाडजूड होतो, आणि ज्या गायकाला ओळखण्यासाठी आपण 'शी'ज गॉन' दोनदा ऐकले तो ओळखू येत नाही. तंबोरा लावणाऱ्या माणसाच्या हे तत्काळ ध्यानात येईल. इतरांनी एकच गाणे मोबाइलवर आणि तबकडीवर लागोपाठ लावून पेटीवर सूर ताडून घ्यावा. सूर जुळत नसेल तर मोटरची कप्पी बदलावी लागते, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. थेट विजेवर, म्हणजे डीसी मोटरवर, चालणाऱ्या टर्नटेबलला ही बाधा होत नाही.

पहिली बाजू

दोन्ही बाजू मिळून सुमारे पाऊण तासाचा अल्बम आहे आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच गाणी आहेत. पहिल्या बैठकीत शब्दांचा कागद हातात घेऊ नये आणि गाण्यांची नावेही पाहू नयेत. पहिले गाणे 'कान्ट स्टॉप द म्युझिक' ही ओट्सची रचना. ते तुलनेने मवाळ आहे, आणि आपण ओळखीच्या मुलखातच आहोत असा भास ते निर्माण करते. दुसऱ्या 'इज इट अ स्टार'पासून खरी सुरुवात होते. इथे गिटार आणि सिंथेसायझर पुढे सरसावतात, आणि अनेक श्रोते इथेच कान मिटून घेतात. तसे करू नये. गिटारीचा आवाज वाढेल तेव्हा मुद्दाम गळ्याकडे लक्ष न्यावे: हॉल इथेही ओळीच्या शेवटी त्याच जागी रेंगाळतो, त्याच पद्धतीने वर जातो. गायकी बदललेली नाही. ती आता गोंगाटाशी झुंजते आहे.

ही झुंज हाच या गाण्याचा विषय आहे, असे माझे मत आहे. त्या काळात हे दोघे गावोगाव कार्यक्रम करीत, हॉटेलांत राहत, आणि पैसा व नाव दोन्ही मनासारखे मिळत नसताना 'तारे' होण्याच्या मार्गावर असल्याचा आव आणीत फिरत होते. पहिल्या दोन्ही गाण्यांच्या मुळाशी वाद्यवृंदाच्या जगण्याचा हा शीण आहे. मार्डिन यांच्या हाताखाली तोच शीण गोड झाला असता. रंडग्रेनने तो गोड होऊ दिला नाही.

तिसऱ्या 'बीनी जी. अँड द रोझ टॅटू'वर फार वेळ घालवू नये. मला ते या बाजूचे सर्वांत हलके गाणे वाटते. चौथे 'यू आर मच टू सून' मात्र सावकाश ऐकावे, कारण जुन्या अल्बमच्या सर्वांत जवळचे गाणे हेच आहे आणि ज्याला सोलच ऐकायचे आहे त्याच्यासाठी हा विसावा आहे. पाचवे 'सेव्हन्टीज सिनारिओ' ही बाजू संपवते. इथे थांबावे. तबकडी लगेच उलटू नये. चहा घ्यायचा असेल तर तो याच वेळी घ्यावा, कारण दुसरी बाजू सुरू झाल्यावर उठून चालत नाही.

दुसरी बाजू

दुसरी बाजू सुरू करण्यापूर्वी अल्बमच्या नावाचा विचार करावा. हॉलचा जन्म 1946 चा. महायुद्धाच्या आगेमागे जन्मलेली, पन्नाशीच्या दशकात टीव्हीच्या पेटीसमोर बसून मोठी झालेली आणि 1974 मध्ये पंचविशी ओलांडलेली ही पिढी. पहिलेच गाणे 'वॉर बेबी सन ऑफ झोरो' हे आहे. झोरो हा मुखवटाधारी तलवारबहाद्दर डिस्नेच्या मालिकेतून 1957 ते 1959 या काळात अमेरिकी मुलांच्या घरोघर पोहोचला होता. या गाण्यात चालीबरोबर इतर ध्वनीही कानावर येतात, आणि ते सजावटीसाठी घातलेले आहेत असे समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये. ज्या मुलाच्या बालपणात खेळ, युद्ध आणि पेटीतले नायक एकमेकांत मिसळले होते, त्याच्या आठवणीही अशाच मिसळलेल्या असणार. संपूर्ण अल्बममध्ये रंडग्रेनची पद्धत आशयाशी सर्वांत घट्ट जुळली आहे ती इथे. अल्बममधले एकच गाणे निवडायचे झाले तर मी हेच निवडीन.

'आय ॲम वॉचिंग यू' आणि 'बेटर वॉच युअर बॅक' ही पुढची दोन गाणी लागोपाठ ऐकताना दोन्ही नावांत पाळत आणि सावधपणा आहे हे ध्यानात येईल. दुसऱ्यातली चाल मोकळी आहे, तिच्यात ध्वनिक गिटारीचा आधार आहे, आणि एकदा ऐकल्यावर गुणगुणता येते. थकलेल्या श्रोत्याने तिथे जरा सैल व्हावे. कारण त्यानंतर येते 'स्क्रीमिंग थ्रू डिसेंबर', या अल्बममधले सर्वांत लांब गाणे, सहा मिनिटांहून अधिक. यात गाणे कितीतरी वेळ बाजूला राहते आणि वाद्ये आपापसांत बोलत राहतात. ख्याल ऐकणाऱ्याला लांबीचे भय नसते, तरीपण त्याची एक अपेक्षा असते की विस्तार कोठेही गेला तरी समेवर परत येईल. ती अपेक्षा इथे तशीच्या तशी पुरी होत नाही. भाग एकापुढे एक जोडलेले आहेत, एकातून दुसरा उमललेला नाही. म्हणून या गाण्यात समेची वाट पाहू नये. गळा परत केव्हा येतो याची पाहावी. मधला मोठा भाग ओलांडून आवाज परत आला की तो आधीपेक्षा एकाकी वाटतो, आणि माझ्या मते गाण्याचा कस तिथेच लागतो. मधला वाद्यांचा भाग थोडा छाटला असता तर बरे झाले असते, हेही सांगून टाकतो.

शेवटचे 'जॉनी गोर अँड द सी ईटर्स' हे धावते, दणकट रॉक गाणे पुन्हा वाद्यवृंदाच्या भटकंतीच्या विषयावर येते. तबकडीवर ऐकणाऱ्यांनी इथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात ठेवावी. लाँगप्ले मिनिटाला 33⅓ फेऱ्या एकाच गतीने फिरते, पण सुईखालून जाणारी खोबण बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर आणि आतल्या कडेला जेमतेम 21 सेंटिमीटर धावते. म्हणजे तोच आवाज आत कमी जागेत कोरावा लागतो, आणि तीक्ष्ण, दाट आवाज तिथे चिरकण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. या तबकडीत नेमके सर्वांत दणदणीत गाणे सर्वांत आत पडले आहे. तेव्हा 'स' आणि 'श' फाटल्यासारखे ऐकू आले तर आधी सुईवरची धूळ पाहावी, कार्ट्रिज सरळ बसली आहे का ते तपासावे, आणि तरीही फरक पडला नाही तर हे एक गाणे मोबाइलवर ऐकून निकाल करावा. रंडग्रेनचा कर्कशपणा कुठे संपतो आणि सुईचा कुठे सुरू होतो, हे त्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या बैठकीत शब्दांचा कागद समोर घ्यावा. पहिल्या बैठकीत गळा सापडला असेल तर आता शब्द सहज लागतात. उलट क्रमाने गेले तर माणूस कागदात अडकतो आणि ऐकणे राहून जाते. तिसरी बैठक हवी असेल तर ती सीगलरच्या बाससाठी ठेवावी.

चार जणांत ऐकायचे असेल तर

नाट्यसंगीत ऐकणाऱ्या ज्येष्ठांना बोलवायचे असेल तर त्यांच्यासमोर आधी प्रयोगशीलतेची भलामण करू नये. ज्या सांगलीत 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले आणि जिच्या जवळच्या नागठाण्यात बालगंधर्व जन्मले, तिथल्या रसिकाला गायकाची पारख कशी करायची हे कोणी समजावून सांगू नये. 'काका, तुम्ही फक्त गाणाऱ्याकडे लक्ष ठेवा, वाद्यांचे नंतर बोलू,' एवढे म्हटले तरी पुरे. मग 'शी'ज गॉन' लावावे, त्यापाठोपाठ 'यू आर मच टू सून', आणि मगच 'वॉर बेबी सन ऑफ झोरो'. संपूर्ण अल्बम पहिल्याच दिवशी माथी मारू नये.

ऐकताना कोणी दाद दिली तर तिला अटकाव करू नये. सोल गायकीचे मूळ कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यात आहे, आणि तिथे गाणाऱ्याला मंडळींनी आवाजाने साथ देणे हा रिवाजच आहे; मिरजेच्या बैठकीतल्या श्रोत्याची 'क्या बात है' तिथे खपून गेली असती. पंखा मात्र मंद ठेवावा. आवाज इतका ठेवावा की गळा आणि गिटार वेगवेगळे ऐकू येतील. फार कमी आवाजात हा अल्बम नुसता गुरगुरतो.

वेळ निवडताना पावसाळ्यातली संध्याकाळ टाळावी, कारण तासाच्या आत दोनदा वीज गेली की सुई खोबणीत अडकून बसते आणि वीज परत येताच तबकडी मध्येच कण्हत सुरू होते. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

त्यानंतर

अल्बम बाजारात फारसा चालला नाही. बिलबोर्डच्या यादीत तो 86 व्या क्रमांकापर्यंत गेला, आणि त्यानंतर अटलांटिक या ध्वनिमुद्रिका कंपनीने जोडीला मोकळे केले. गंमत अशी की त्याच 1974 मध्ये टॅव्हारेस या भावांच्या गटाने यांचेच 'शी'ज गॉन' गाऊन ते अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या क्रमांकावर नेले होते. आरसीए कंपनीकडे गेल्यावर 1975 च्या अल्बममधल्या 'सारा स्माइल'ने या दोघांना हवे ते यश दिले, आणि मग अटलांटिकने 1976 मध्ये जुने 'शी'ज गॉन' पुन्हा काढले तेव्हा तेही सातव्या क्रमांकावर पोहोचले. 'वॉर बेबीज' झाल्यावर 'सारा स्माइल' अवश्य ऐकावे. वाद्ये पुन्हा मागे सरकली आहेत आणि गळ्याला मोकळी जागा मिळाली आहे, हे पहिल्याच ओळीत कळते. पण आता त्या गोडव्यातला संयम वेगळा ऐकू येतो, कारण हाच गळा गोंगाटात कसा टिकला ते आपण ऐकून आलेलो असतो.

प्रयोगाची वाट हॉलने पुरती सोडली नाही. किंग क्रिम्झन या रॉक गटाच्या गिटारवादक रॉबर्ट फ्रिपबरोबर त्याने 'सेक्रेड साँग्ज' हा स्वतःचा अल्बम 1977 मध्ये ध्वनिमुद्रित केला. तो विकला जाणार नाही या भीतीने कंपनीने दाबून ठेवला आणि 1980 मध्ये बाहेर काढला. 'वॉर बेबीज' ज्याला पटला त्याने तो शोधावा, पण लगोलग लावू नये. मध्ये 1985 चा अपोलो थिएटरमधला थेट कार्यक्रम ऐकावा, ज्यात टेम्पटेशन्स गटाचे माजी गायक डेव्हिड रफिन आणि एडी केंड्रिक्स हे हॉल-ओट्सबरोबर उभे आहेत. ज्यांना ऐकत ही मुले वाढली, त्यांच्या शेजारी हॉल कसा गातो हे कानात ठेवून मग फ्रिपच्या गिटारीकडे जावे.